विरजण, जखम आणि ग्लासगो : सूक्ष्मजीवांची ओळख

मुलांनो, आधी एक कोडं. तुमच्या घरात सगळ्यात जास्त संख्येनं राहतं कोण? ते भाडं देत नाहीत, कौन्सिल टॅक्स भरत नाहीत. ते फ्रिजमध्ये आहेत, सिंकमध्ये आहेत, शाळेच्या बॅगेवर आहेत आणि हे पान उलटताना तुमच्या बोटांवरही आहेत.

उत्तर आहे सूक्ष्मजीव. तुमच्या शरीरात जितक्या मानवी पेशी आहेत, साधारण तितकेच जीवाणू तुमच्या अंगावर आणि अंगात राहतात. त्यांतले बहुतेक आतड्यात असतात. म्हणजे आरशासमोर एकटे उभे असलात तरी तुम्ही खरे एकटे नसताच!

शाळेत बायॉलॉजीच्या तासाला सूक्ष्मजीव भेटतातच, पण बहुतेक वेळा तक्त्यातून. या लेखात आपण त्यांची ओळख स्वयंपाकघरातून आणि आपल्याच गावातल्या एका हॉस्पिटलमधून करून घेऊ. आईबाबांनाही शेजारी बसवा. शेवटी त्यांच्यासाठीही थोडं आहे.

आधी मंडळींची नावं

नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या सजीवांना आपण सूक्ष्मजीव म्हणतो. १६७० च्या दशकात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचे कापडाचे व्यापारी लेव्हेनहूक यांनी स्वतः घासून बनवलेल्या भिंगांतून त्यांना पाहिलं. तळ्याच्या पाण्यात त्यांना वळवळणारे जीव दिसले, पुढे दातांवरच्या किटणातही दिसले.

या मंडळींची मुख्य घराणी अशी. जीवाणू, म्हणजे बॅक्टेरिया : एकाच पेशीचे, स्वतः खाणारे आणि स्वतःचे दोन भाग करून वाढणारे. कवक, म्हणजे बुरशी आणि यीस्ट. आदिजीव : अमिबा किंवा मलेरियाचा परजीवी यांसारखे. सूक्ष्म शैवाल : पाण्यात राहून उन्हावर अन्न तयार करणारे. आणि विषाणू, म्हणजे व्हायरस. विषाणूला स्वतःची पेशीच नसते, त्यामुळे त्याला सजीव म्हणावं की नाही यावर आजही वाद आहे. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच स्वतःच्या प्रती काढून घेतो.

आकाराचा अंदाज हवा? एक मायक्रोमीटर लांबीचा जीवाणू आपण दहा मीटरच्या बसएवढा मोठा करू. त्याच प्रमाणात कोरोनाचा विषाणू एक मीटरचा होईल, म्हणजे बसच्या दारात उभ्या असलेल्या छोट्या मुलाएवढा. आणि तुमच्या डोक्यावरच्या एका केसाची जाडी होईल सुमारे सातशे मीटर!

दही लागलं की दूध नासलं?

आपल्या भाषेत एक गंमत आहे. दूध रात्रभर ओट्यावर राहिलं आणि आंबलं, तर आजी म्हणते, ‘दूध नासलं.’ त्याच दुधात तिनं स्वतः चमचाभर विरजण घातलं, तर सकाळी म्हणते, ‘दही छान लागलंय.’ एक तक्रार, एक कौतुक. पण दुधात घडलेली गोष्ट जवळजवळ एकच आहे.

दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. काही जीवाणू ती खातात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. आम्ल वाढलं की दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून बसतात आणि दूध घट्ट होतं. या क्रियेला किण्वन म्हणतात. विरजण लावताना आपण ओळखीच्या जीवाणूंची मोठी फौज एकदम दुधात सोडतो. ते भराभर वाढतात, आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात इतर जीवाणूंना टिकणं अवघड होतं. विरजण नसेल, तर जो आधी पोचेल आणि वाढेल त्याचं राज्य. मग वास कसा येईल आणि चव कशी होईल, याचा नेम नाही.

इडलीचं पीठ आंबतं तेही असंच. तिथं जीवाणूंच्या जोडीला यीस्टही काम करतं. त्यांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे पिठात अडकतात आणि पीठ फुगतं. ग्लासगोच्या थंडीत ते फुगत नाही म्हणून आपल्या आया पातेलं बॉयलरच्या कपाटात नाहीतर दिवा लावलेल्या ओव्हनमध्ये ठेवतात. त्या खरं तर जीवाणूंसाठी मुंबईची हवा तयार करत असतात.

आता प्रश्न असा की, दूध आंबतं ते जीवाणूंमुळे, हे माणसाला कळलं कधी? १८५७ मध्ये फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी दुधाच्या आंबण्यावर निबंध लिहिला आणि हे काम सजीवांचं आहे असं मांडलं. त्या एका विचारानं आठ वर्षांनी ग्लासगोतल्या एका मुलाचा पाय वाचला.

अकरा वर्षांचा जेम्स

कॅथीड्रलच्या शेजारी, कॅसल स्ट्रीटवर ग्लासगो रॉयल इन्फर्मरी आहे. तुमच्यापैकी काहींचा जन्मही तिथलाच असेल. १८६५ मध्ये तिथे जोसेफ लिस्टर नावाचे सर्जन काम करत होते. ते ग्लासगो विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापकही होते.

त्या काळी ऑपरेशन उत्तम झालं तरी पेशंट वाचेल याची खात्री नसे. दोनचार दिवसांत जखम चिघळायची, पू व्हायचा, ताप चढायचा. हाड मोडून कातडीबाहेर आलं असेल, तर जीव वाचवायला बहुतेक वेळा पायच कापावा लागे, आणि कापलेली जागाही पुन्हा चिघळायची. दूषित हवेमुळे असं होतं, असं बहुतेक डॉक्टर मानत. त्यामुळे ऑपरेशनच्या आधी हात धुवायचं फारसं कुणाच्या मनात येत नसे.

विद्यापीठातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी लिस्टर यांना पाश्चर यांचं लिखाण वाचायला सुचवलं. ते वाचताना लिस्टर यांच्या मनात विचार आला : दूध नासतं ते जीवाणूंमुळे, तर जखम नासते तीही त्यांच्यामुळेच असेल का? दुधातले जीवाणू उकळून मारता येतात, पण माणसाचा पाय उकळता येत नाही. मग दुसरं काय वापरावं? कार्लाइल गावात सांडपाण्याची घाण मारायला कार्बोलिक आम्ल वापरतात, हे त्यांच्या वाचनात आलं होतं.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी जेम्स ग्रीनलीस नावाच्या अकरा वर्षांच्या मुलाला इन्फर्मरीत आणलं. गाडीचं चाक त्याच्या डाव्या पायावरून गेलं होतं. नडगीचं हाड मोडलं होतं आणि वर उघडी जखम होती. लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेलं कापड जखमेवर ठेवलं आणि पाय फळ्यांमध्ये बांधला. चार दिवसांनी पट्टी सोडली. पू नव्हता, कुजका वास नव्हता. सहा आठवड्यांत हाड सांधलं आणि जेम्सचा पाय शाबूत राहिला.

एका मुलावरून सगळं सिद्ध होत नाही, हे तुम्हाला विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं असेलच. लिस्टर यांनाही ते माहीत होतं. त्यांनी अनेक पेशंटवर ही पद्धत वापरली, नोंदी ठेवल्या आणि १८६७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपले अनुभव छापले. पुढे त्यांनी आकडेही दिले. नवी पद्धत येण्याआधी, १८६४ आणि १८६६ या दोन वर्षांत त्यांच्याकडे हातपाय कापावे लागलेल्या ३५ जणांपैकी १६ दगावले होते. १८६७ ते १८६९ या तीन वर्षांत ४० पैकी ६. केल्व्हिनग्रोव्ह पार्कमध्ये लिस्टर यांचा पुतळा आहे. पुढच्या वेळी तिथे खेळायला गेलात की शोधून काढा.

गोष्ट इथे संपत नाही. लिस्टर पुन्हा दुधाकडे वळले. दूध आंबवणारा जीवाणू नेमका कोणता, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी आंबलेलं दूध इतकं पातळ केलं की एका थेंबात सरासरी एखादाच जीवाणू यावा. मग असा एकेक थेंब उकळलेल्या दुधाच्या वेगवेगळ्या पेल्यांत टाकला. काही पेल्यांतलं दूध तसंच राहिलं. जिथे तो एक जीवाणू पोचला, तिथलं दूध आंबलं, आणि त्या पेल्यात फक्त त्याचेच वंशज होते! १८७८ च्या सुमाराचा हा प्रयोग. एकाच जातीचा जीवाणू वेगळा काढून वाढवण्याचा हा पहिला यशस्वी प्रयोग मानतात. त्या जीवाणूचं आजचं नाव लॅक्टोकॉकस लॅक्टिस. आपल्या घरच्या दह्यातही तो पुष्कळदा सापडतो.

एक जीवाणू, दोन बंदरं

रोग कोणत्या जीवाणूमुळे होतो हे कळलं, की अर्धंच काम होतं. तो आला कुठून आणि पसरतो कसा, हेही कळावं लागतं. प्लेगनं हे फार महाग शिकवलं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. प्लेगचा जीवाणू त्याआधी दोनच वर्षं, १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमार्फत तो माणसापर्यंत येतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. त्यामुळे सरकारनं घरं तपासली, सामान जाळलं, माणसं छावण्यांत हलवली, आणि प्लेग पसरतच राहिला. पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

त्याच सुमाराला मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्देमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावाची.

आणि ऑगस्ट १९०० मध्ये हाच प्लेग आपल्या ग्लासगोत, गोर्बल्समध्ये उगवला. एकूण ३६ जण आजारी पडले, त्यांतले १६ गेले. मुंबई काय किंवा क्लाइडकाठचं ग्लासगो काय, दोन्ही जहाजांची आणि दाटीच्या वस्तीची शहरं. जीवाणूला पासपोर्ट लागत नाही.

सोळाव्या वर्षी शाळा सुटलेली मुलगी

आता विषाणूंकडे वळू. साध्या सूक्ष्मदर्शकातून जीवाणू दिसतात, पण बहुतेक विषाणू इतके लहान असतात की दिसतच नाहीत. त्यासाठी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरणारा सूक्ष्मदर्शक लागतो.

जून हार्ट ही ग्लासगोची मुलगी. जन्म १९३० चा, वडील बस चालवायचे. अभ्यासात हुशार होती, पण युनिव्हर्सिटीला जायला पैसे नव्हते. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तिनं नोकरी धरली. कुठे? त्याच रॉयल इन्फर्मरीत, प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून. पुढे लग्न झालं आणि ती जून अल्मेडा झाली. आडनाव ऐकून आपल्याला गोवा आठवतो, पण तिचे पती व्हेनेझुएलाचे चित्रकार होते. कॅनडात ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरण्यात तरबेज झाली. नंतर लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये, १९६६ मध्ये तिनं सर्दीच्या एका नमुन्यात एक वेगळाच विषाणू टिपला. त्याच्याभोवती मुकुटासारखं कडं होतं. तोच कोरोनाविषाणू, लॅटिन भाषेत कोरोना म्हणजे मुकुट. अशीच चित्रं तिनं आधी एका नियतकालिकाकडे पाठवली, तेव्हा हे फ्लूच्या विषाणूचे खराब फोटो आहेत असं म्हणून ती परत आली होती.

२०२० मध्ये कोविड आला तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, म्हणजे एनआयव्हीनं, भारतातल्या पहिल्या रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातून नव्या विषाणूचा फोटो काढला. तोही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातूनच. आणि त्यातही तोच मुकुट होता.

बुरशीचं औषध : डार्व्हेल ते पिंपरी

ग्लासगोच्या दक्षिणेला तासाभराच्या आत गाडीनं पोचता येईल असं डार्व्हेल गाव आहे. तिथल्या लॉकफील्ड नावाच्या शेतावर १८८१ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग जन्मले. सप्टेंबर १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये त्यांना दिसलं की जीवाणू वाढवलेल्या एका बशीत बुरशी पडली आहे आणि तिच्याभोवतीचे जीवाणू विरघळून गेले आहेत. तुम्ही-आम्ही बशी फेकून दिली असती. त्यांनी ती जपून ठेवली आणि बुरशीच्या त्या रसाला पेनिसिलिन नाव दिलं. त्याचं औषध व्हायला आणखी बारा-तेरा वर्षं लागली. ते काम ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं.

स्वतंत्र भारतात पेनिसिलिन बनवायचा सरकारी कारखाना १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला स्थापन झाला : हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेची त्याला मदत होती. पिंपरीची एच. ए. कॉलनी तुमच्या आजी-आजोबांना नक्की ठाऊक असेल.

बॅगेतली पाकिटं

आता आईबाबांनी नीट ऐकायचं. भारतातून परतताना आपल्या बॅगेत मेतकूट आणि लोणच्याबरोबर औषधाची पाकिटंही येतात. पॅरासिटामॉल ठीक आहे. पण ‘इथले जीपी देत नाहीत म्हणून’ आणलेली प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिक्स, ही वेगळी गोष्ट आहे.

प्रतिजैविकं जीवाणूंना मारतात, त्यांचं विषाणूंपुढे काही चालत नाही. सर्दी, फ्लू, कोविड आणि बरेचसे घसेदुखीचे त्रास विषाणूंचे असतात. म्हणून जीपी म्हणतात, आराम करा, पाणी प्या. तो त्यांचा कंजूषपणा नव्हे. चुकीच्या वेळी गोळी घेतली तर विषाणू तसाच राहतो, आतड्यातले उपयोगी जीवाणू मात्र मरतात. पोट बिघडतं ते त्यामुळेच.

आणि यात मोठा धोका पुढेच आहे. अनुकूल जागी काही जीवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. एका जीवाणूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक! इतक्या गर्दीत एखाद्यात असा बदल असू शकतो की त्याला औषध लागू पडत नाही. औषधानं बाकीचे मरतात, तो उरतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत त्याचेच वंशज भरतात. जितक्या वेळा आपण विनाकारण प्रतिजैविक घेतो, तितक्या वेळा अशा जीवाणूला ही संधी मिळते. अपुऱ्या मात्रेमुळे जीवाणू औषधाला सरावतील, हा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणातच दिला होता. औषधाला न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली, असा अंदाज २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला.

प्रतिजैविकं कुचकामी झाली तर आपण पुन्हा जेम्सच्या आधीच्या काळात जाऊ. साधी जखम, बाळंतपण, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळंच जिवावरचं होईल. म्हणून नियम सोपे ठेवा. प्रतिजैविक डॉक्टरांनी दिलं तरच, सांगितलं तितकं आणि तितके दिवस घ्या. उरलेल्या गोळ्या शेजारच्या काकूंना देऊ नका, फार्मसीत परत करा. शंका असेल तर फार्मासिस्टला विचारा. स्कॉटलंडमध्ये फार्मसी फर्स्टमधून अपॉइंटमेंटशिवाय सल्ला मिळतो.

सुट्टीतला प्रयोग : चार पेले

आता मुलांची पाळी. चार सारखे पेले घ्या, त्यांवर क, ख, ग, घ अशी चिठ्ठी लावा. प्रत्येकात सारखंच दूध घ्यायचं. विरजणासाठी साधं, गोड नसलेलं लाइव्ह दही चालेल. गरम दुधाचं काम मोठ्यांकडून करून घ्या.

क : कोमट दूध, एक चमचा विरजण, उबदार जागी.
ख : कोमट दूध, एक चमचा विरजण, फ्रिजमध्ये.
ग : नुकतंच उकळलेलं दूध, त्यात लगेच एक चमचा विरजण, उबदार जागी.
घ : कोमट दूध, विरजण नाही, उबदार जागी.

आधी वहीत लिहा : कोणत्या पेल्यात काय होईल आणि का? मग आठ तासांनी झाकण काढून बघा. पेला हळूच कलता करा, वास घ्या आणि जे दिसेल ते लिहा. ‘क’ तुम्ही खाऊ शकता. बाकीचे पेले चाखू नका, ओतून द्या. आणि हात धुवा, साबणानं!

तुमचा अंदाज चुकला तर वही फाडू नका. ‘ग’ का लागलं नाही? ‘घ’ ठेवायची गरजच काय होती? या दोन प्रश्नांची उत्तरं तुम्हाला स्वतःच्या शब्दांत देता आली, तर जेम्सच्या पायावर कार्बोलिकची पट्टी का ठेवली होती, हेही तुम्हाला समजलं असं समजा. उत्तरं दिवाळीच्या कार्यक्रमाला येताना वहीसकट घेऊन या. आणि दही चांगलं लागलं असेल, तर एक वाटीही!